सावलीच्या जीपचं तेलपाणी

या अंकासाठी काही लिहा म्हणून संपादकांचं पत्र आलं, तेव्हा मी आधी उठून हात धुऊन आलो. हात स्वच्छ होते, पण सवय जात नाही. चाळीस वर्षं कागदाला हात लावायचा म्हणजे आधी रॉकेल, मग लाकडाचा भुसा, मग साबण, आणि एवढं करूनही कोपऱ्यात अंगठा उमटायचाच. माझं आजवरचं सगळं लेखन मोटार दुरुस्तीच्या रिपोर्टांवर झालेलं आहे. त्यातल्या एका रिपोर्टाची मला अजून लाज वाटते आणि एकाचा अभिमान. दोन्ही एकाच गाडीचे, आणि दोन्हींत दोन दिवसांचंही अंतर नव्हतं.

आधी बिघाड काय होता ते सांगतो, म्हणजे मोटारीतलं काही न कळणाऱ्यांनाही पुढचं समजेल. इंजिनात तेल आणि पाणी दोन्ही खेळत असतं. पाणी इंजिन थंड ठेवतं आणि तेल आतल्या फिरत्या भागांची झीज थांबवतं. दोघांच्या मध्ये फक्त लोखंडाची भिंत असते, आणि तिच्या दोन बाजूंना दोघांनी आपापला संसार करायचा असतो. गाठ पडली की तेलाचा रंग जातो. आधी जास्त दुधाच्या चहासारखं होतं, मग ताकासारखं. असल्या तेलात इंजिन चाललं की बेअरिंगं जळतात आणि गाडी कायमची बसते.

पाणी आहे की नाही हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची, तिला आम्ही गेज म्हणतो. तिच्यावरचं तेल बोटांत चोळायचं. तेल भरायच्या झाकणाला आतून साय धरली आहे का बघायची. गाडी तीन-चार तास उभी ठेवली तर पाणी जड म्हणून खाली बसतं, मग चेंबरचा, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्याचा, नट जरासा सैल केला की आधी पाणी येतं आणि मागून तेल. एवढ्यानेही खात्री पटली नाही तर तापल्या तव्यावर थेंब टाकायचा. निखळ तेल नुसतं धुरकटतं, पाणी असलं की तडतडतं. ही परीक्षा भजी तळणारी कोणतीही बाई तुम्हांला सांगेल. खरी विद्या पुढेच आहे. ते पाणी आलं कुठून?

मूल गावाकडच्या एका राइसमिलवाल्या शेठजींची गाडी माझ्याकडे आली होती. झाकणाखाली ही एवढी साय. शेठजी घाबरले होते, इंजिन खोलायला तयार होते. मी त्यांना विचारलं, गाडी जाते कुठं? घरून मिलवर, मिलवरून घरी. अंतर इतकं की हाक मारली तर ऐकू जाईल. इंजिन तापायच्या आत बंद व्हायचं, आणि थंडीत काचेवर धरते तशी वाफ आत धरून तेलात उतरायची. मी सांगितलं, काही खोलायचं नाही, आठवड्यातून एकदा तीस मैल पळवा. शेठजींची सासुरवाडी नेमकी तीस मैलांवर. गाडी सुधारली, आणि शेठाणीबाई माझ्यावर अशा खूश झाल्या की पुढे कित्येक वर्षं संक्रांतीला त्यांच्याकडून तिळगुळाचा डबा यायचा. असले दोन-चार रोगी बरे केले की माणसाला आपण धन्वंतरी आहोत असं वाटू लागतं. मलाही वाटू लागलं होतं.

अशा वेळी सावलीची जीप आली.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती. मी चांद्याच्या एका वर्कशॉपात फिटर होतो, वय तिशीच्या आत, आणि मिशी वयाच्या मानाने जास्त. सावली या गावी एक फिरता दवाखाना होता. त्याची जीप लढाईनंतर लिलावात निघालेल्या लष्करी गाड्यांपैकी होती. ती वैनगंगा ओलांडून गडचिरोली, धानोरा आणि त्याच्याही पुढच्या जंगलातल्या गावांत जायची. जीपबरोबर तीन माणसं असत. डॉक्टरसाहेब पुण्याकडचे होते, शिस्तीचे आणि सरळ. ड्रायव्हर गंगाधर सावलीचाच. तिसरा मालू मडावी. तो गोंड होता, धानोऱ्यापलीकडच्या एका गावचा, वय चाळिशीचं. कागदावर तो क्लीनर होता. प्रत्यक्षात औषधाची पेटी उचलणं, नदीला उतार कुठं आहे ते काठीने बघणं, आणि डॉक्टरांचं बोलणं गोंडीत सांगून माणसांना सुईपुढे दंड धरायला राजी करणं, ही सगळी कामं त्याची.

गंगाधरने वर्कशॉपात येऊन सांगितलेली तक्रार मी जन्मात विसरणार नाही. तक्रार कसली, तो कौतुकच सांगत होता. "मिस्त्री, आमची गाडी तेल खातच नाई. उलटं तेल वाढून राह्यलं. पयले गेजवर अर्ध्यात होतं, आता वरच्या रेघेच्याबी वर आलं. घरचीच घानी झाली पाहा!"

गेज काढलं तर ताक. आम्ही पोट धरून हसलो. गंगाधरही हसला, पण त्याला कारण कळलं नव्हतं.

जुनं तेल काढून नवं घातलं आणि वर्कशॉपच्या मालकांनी मला जीपबरोबर सावलीला धाडलं, कारण गाडी अडकवून ठेवली तर दवाखाना बंद पडणार होता. तीन दिवस मी दवाखान्याच्या पडवीत मुक्काम ठोकला. गाडी दिवसा जवळपासच्या गावांना जाऊन यायची आणि मी तपासायचो. इंजिनाच्या हेडखालची गादी, म्हणजे गास्केट, फाटली असेल तर पाण्यात बुडबुडे येतात, ते नव्हते. सायलेन्सरमधून पांढरी वाफ नव्हती. प्लग चारी कोरडे. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे रेडिएटर, पाण्याची टाकी. पाणी आतून गळत असेल तर रेडिएटर रिकामा व्हायला हवा. मी तिन्ही दिवस सकाळी आठ वाजता, हातात चहाची बशी घेऊन, त्याचं झाकण उघडून बघितलं. तिन्ही दिवस काठोकाठ. आणि तिसऱ्या दिवशी तेल पुन्हा पांढरं.

मी हिशेब जुळवला. पाणी आतून आलेलं नाही, म्हणजे ते वरून कोणीतरी ओतलं. मी गंगाधरला विचारलं, गाडीचं तेलपाणी कोण करतं?

"तेलपाणी मालूच करते," तो म्हणाला, आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं.

हा शब्द जरा सांगायला हवा. निघण्यापूर्वी इंजिनातलं तेल आणि रेडिएटरमधलं पाणी बघून घेणं, याला सगळे ड्रायव्हर तेलपाणी म्हणतात. दोन वस्तू, दोन तोंडं, पण शब्द एक. जंगलातून आलेला माणूस, त्याची भाषा गोंडी, त्याला कोणी म्हटलं "तेलपाणी टाक," तर तो दोन्ही एकाच भोकात टाकणारच, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. हा विनोद मला इतका आवडला की तो खरा आहे का हे बघायचं मी विसरलो. मी रिपोर्ट लिहिला: "इंजिनात दोष नाही. क्लीनर मालू मडावी याने अज्ञानाने तेलाच्या तोंडातून पाणी घातले आहे." खाली सही ठोकली.

डॉक्टरसाहेबांनी तो दोनदा वाचला. "वाईट झालं," ते म्हणाले. "माणूस चांगला आहे. पण इंजिन बसलं तर दुसरी गाडी मिळणार नाही. उद्यापासून त्याला गाडीवर नको."

मालू तासाभराने माझ्याकडे आला. मी पडवीत हत्यारं पुसून पेटीत भरत होतो. तो समोर उकिडवा बसला. रडणं नाही, आरडाओरडा नाही.

"फिटरभाऊ, कागदावर काय लिवलं?"

मी सांगितलं. सांगताना आवाज मुद्दाम मऊ केला, आणि त्या मऊ आवाजाची मला आज जास्त लाज वाटते.

"मी पाणी पाण्याच्या तोंडात टाकतो," तो म्हणाला. "तेल तेलाच्या तोंडात टाकतो. आमच्या घरी टोरीचं तेल काढते. तेलात पाणी रायलं तं तेल नासते, हे आमच्या बायाले ठाव हाये, पोराईले ठाव हाये. मले ठाव नसन का?"

टोरी म्हणजे मोहाचं बी. त्याचं तेल काढून, पाणी उडेपर्यंत तडतडवून, मडक्यात भरून ठेवणारी माणसं ही. तव्यावरच्या परीक्षेची ऐट मी यांच्यापुढे मिरवत होतो.

तरी मी हट्ट सोडला नाही. "मग रेडिएटरचं पाणी कमी का होत नाही?"

"होते ना कमी."

"मी तीन दिवस बघतोय. काठोकाठ आहे."

"मी भरतो म्हून काठोकाठ हाये. रोज पायटे एक गडवा पिते गाडी. कदी जास्त. तुमी उठाच्या आंदी भरून ठेवतो."

पायटे म्हणजे पहाटे, गडवा म्हणजे तांब्या. मी बशी हातात घेऊन आठ वाजता यायचो, आणि हा माणूस पहाटे विहिरीवरून पाणी आणून आपलं काम चोख करून बसलेला असायचा. त्याच्या चोखपणामुळेच माझ्या नजरेला पाणी कमी झालेलं दिसलं नाही, आणि त्याच चोखपणाची मी त्याला शिक्षा दिली होती.

"हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंच नाई," मालू म्हणाला. "गंगाधरले इचारलं."

आता आली माझी खरी परीक्षा, आणि तिच्यात मी अर्धाच उतरलो. मनातून पटलं होतं, पण सही केलेला रिपोर्ट मागे घ्यायचा तर डॉक्टरांना काय सांगू? क्लीनर म्हणतो म्हणून? मी त्याला तसंच म्हणालो, की तू पाणी कुठं ओतलंस हे मी बघितलेलं नाही, आणि चेंबरमधलं पाणी काय, रेडिएटरमधलं काय, एकाच विहिरीचं. कोणतं कुठून आलं हे कसं ओळखायचं?

त्याने एकदा विहिरीकडे बघितलं. मग म्हणाला, "येर तं येर, सारखंच दिसते." येर म्हणजे गोंडीत पाणी. "त्याले रंग देऊन पाहू ना. रेडिएटरच्या पान्याले रंग देऊ. मंग खालून थेच रंग निघाला, तं पाणी कुठून आलं थे पानीच सांगन."

शिमगा दहा-बारा दिवसांवर होता. सावलीभोवतीचा पळस भरात होता, पोरंसोरं फुलं गोळा करून रंग उकळत होती. मी इतकी वर्षं तो रंग अंगावर घेतला होता, पण इंजिनात घालायचं माझ्या डोक्यात सात जन्मांत आलं नसतं. मी हातातला पाना खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यामागे तीन दगडांची चूल मांडून मालूने फुलं उकळली. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पाकळी अडकू नये म्हणून मी ते पाणी धोतराच्या फडक्यातून तीनदा गाळून घेतलं. डॉक्टरसाहेब आधी बिचकले, पण पुरावा म्हटल्यावर त्यांच्यातला शास्त्रवाला माणूस जागा झाला. मी चेंबर रिकामा करून त्यात कोरं तेल भरलं, आणि रेडिएटरमध्ये सगळ्यांच्या देखत केशरी पाणी. मग मालूने स्वतः होऊन सांगितलं, "सायेब, टोपण बांधून टाका. मले हात लावू देऊ नका. मी गाडीत येत नाई." डॉक्टरांनी बॅन्डेजच्या पट्टीने इंजिनावरचं टोपण, म्हणजे बॉनेट, बांधलं, गाठीवर आपल्या सहीचा कागद चिकटवला. मालू पडवीत जाऊन बसला.

आम्ही मूलच्या पुढपर्यंत जाऊन आलो. परतल्यावर गाडी थंड होऊन पाणी तळाशी बसावं म्हणून झाडाखाली उभी केली. ते तीन तास मला फार जड गेले. मालूचं काय होत असेल? त्याने फक्त एकदा जागेवरून विचारलं, "फिटरभाऊ, तिले तहान लागली असन. कोनी पाणी तं नाई देल्लं?" गाडीवरून काढून टाकलेला माणूस गाडीची तहान विचारत होता. मी मान हलवून नाही म्हटलं.

डॉक्टरांनी आधी आपली गाठ तपासली. मग बॉनेट उघडून रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी चार बोटं खाली गेलं होतं. पण मला अजून भीती होती, कारण एवढं पाणी वाफ होऊनही जाऊ शकतं. मी गाडीखाली शिरलो. डॉक्टरांनी जखमेखाली धरायचा पांढरा एनॅमलचा ट्रे दिला. नट अर्धा फेरा फिरवला. क्षणभर काही आलं नाही. मग बारीक धार आली, आणि पांढऱ्या ट्रेमध्ये केशरी पाणी पसरलं. त्याच्या मागून तेल आलं तेव्हा मी नट आवळला. मला गाडीखालून बाहेर यायचंच नव्हतं. आलो तेव्हा ट्रे डॉक्टरांच्या हातात होता, गंगाधर त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता, आणि मालू पडवीतच बसून होता. त्याला उठून बघायची गरज वाटली नव्हती.

"मालू, इकडे ये," डॉक्टर म्हणाले. तो आला, ट्रेमध्ये बघितलं आणि म्हणाला, "आता फाटलं कुठी हाये थे पाहा."

ते पाहायचं काम माझं होतं आणि पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. त्या इंजिनाच्या कुशीला एक झाकण असतं, त्याच्या आत व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. ते काढायला सायलेन्सरचे नळ सोडवावे लागतात, बोटं सोलून निघतात, म्हणून मी ते टाळलं होतं. आता काढलं. आतल्या भिंतीला केसाएवढा तडा होता. थंड असताना दिसतही नव्हता, केशरी ओघळामुळे सापडला. इंजिन तापलं की तो उघडायचा आणि पाणी थेट तेलात झिरपायचं, त्यामुळे ना बुडबुडे, ना वाफ, ना ओले प्लग. जीप चांद्याला आणून मी त्या तड्याला तांब्याचे आटेदार खिळे एकाला एक लावून टाके घातले. पुढे कितीतरी पावसाळे ते टाके टिकले.

नंतर मी रेडिएटरमध्ये रंग घालून अनेक गाड्यांचे तडे शोधले. नागपूरचे मोठे मिस्त्री विचारायचे, ही युक्ती कुठल्या पुस्तकातली? मी मालूचं नाव सांगायचो, आणि त्यांना वाटायचं मी थट्टा करतो आहे. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ हुशार माणसं बघितली, कंपन्यांचे इंजिनिअर बघितले. पण आपल्यावर आळ आलेला असताना, ओरडा न करता, आळ घेणाऱ्यालाच तपासाची रीत शिकवणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

पण ट्रेमध्ये केशरी पाणी आलं त्याच संध्याकाळची गोष्ट अजून राहिली आहे. मी डॉक्टरांसमोर जुना रिपोर्ट फाडला आणि नवा लिहायला बसलो. मालू दारात उभा होता. डॉक्टर त्याला म्हणाले, उद्यापासून नेहमीसारखा गाडीवर ये. तो हो म्हणाला, पण हलला नाही. माझं लिहून झाल्यावर म्हणाला, "वाचून दाखवा ना."

मी वाचलं: "इंजिनाच्या आतील भिंतीस तडा गेल्याने पाणी तेलात उतरत आहे. इंजिन खोलून दुरुस्ती आवश्यक. कोणाचाही हलगर्जीपणा नाही." मला वाटलं, याहून स्वच्छ काय लिहिणार?

त्याने ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "याच्यात माहं नाव कुठी हाये?"

"तुझं नाव नाहीच यात," मी म्हणालो. "तुझा काही दोष नाही, म्हणून काढलं."

"पयल्या कागदावर तं होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मी कागद पुन्हा पुढे ओढला. आमच्या रिपोर्टाच्या तळाशी एक रकाना असायचा, "दोष शोधणाऱ्याचे नाव." तो मी सवयीने माझ्या सहीने भरून टाकला होता. मी माझी सही खोडली, आणि तिच्या वर, जमेल तेवढ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: मालू मडावी. कागद त्याच्यापुढे धरला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "इथून इथपर्यंत?"

मी म्हणालो, "हो, मालूभाऊ. इथून इथपर्यंत."